फिजिक्स शिकून पुढे काय, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निकाल लागले की तुमची करिअर पुरवणी येते, यंदाही आली आणि आमच्या स्टाफरूममध्ये ती हातोहात फिरली. नर्सिंग, मर्चंट नेव्ही, हॉटेल मॅनेजमेंट, एआय, पॉलिटेक्निक, सगळं फीसकट व्यवस्थित दिलंय, मेहनत दिसते त्यात. पण बी.एस्सी. फिजिक्सला मिळाल्या चार ओळी, आणि त्यात काय तर शिक्षक व्हा नाहीतर बँकेच्या परीक्षा द्या. म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय, जागा असेल तेवढं छापा, पण आधी पूर्ण वाचा ही विनंती.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. पीएच.डी. नॅनोमटेरियल्समध्ये, झिंक ऑक्साइडच्या बारीक कणांवर. रिसर्च अजून चालू आहे, आणि सुट्टीत, विज्ञान प्रदर्शनात, कोणी बोलावलं की झेडपीच्या शाळांत जाऊन मुलांना प्रयोग दाखवते. ही दोन कामं माझ्यासाठी वेगळी नाहीत आणि ती वेगळी मानू नयेत एवढंच मला सांगायचंय. रिसर्च करणाऱ्या माणसाने आपल्या माणसांत येऊन आपल्या भाषेत ते सांगणं हा रिसर्चच्या करिअरचाच भाग आहे, उरलेल्या वेळातली समाजसेवा नव्हे. आणि त्याला जागा देणं हे पेपरचं काम आहे असं मला मनापासून वाटतं.

आता नॅनो म्हणजे नेमकं काय. एक मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. पदार्थ तोच, पण त्याचे कण १०० नॅनोमीटरच्या खाली गेले की तो वेगळं वागायला लागतो, रंग बदलतो, वितळायचं तापमान बदलतं, दुसऱ्या पदार्थाशी पटकन क्रिया करतो. हे का होतं ते शोधणं फिजिक्सवाल्याचं काम. माझा झिंक ऑक्साइड पांढऱ्या पावडरीसारखा दिसतो, पण कण चार-पाच नॅनोमीटरचे झाले आणि त्यावर अल्ट्राव्हायोलेट दिवा धरला की हिरवट-पिवळा चमकतो. कॅडमियम सेलेनाइड नावाचा पदार्थ आहे, त्याचे कण दोन नॅनोमीटरचे केले की निळे दिसतात आणि सहाचे केले की लाल. म्हणजे पदार्थ बदलला नाही, नुसती साइज बदलली आणि रंग बदलला. अशा बारीक कणांना क्वांटम डॉट्स म्हणतात, त्यांच्याच कामाला २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह या तिघांना.

शाळेत गेले की मी मुलांना सोन्याचा प्रयोग दाखवते, तो इथे जरा सविस्तर सांगते कारण नॅनो कळायला याच्यापेक्षा सोपा रस्ता मला माहीत नाही. गोल्ड क्लोराइडची एक ग्रॅमची बाटली मिळते, महाग असते पण एका प्रयोगाला त्यातले काही मिलिग्रॅम पुरतात. डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायचं (विहिरीचं पाणी चालत नाही, त्यातल्या क्षारांनी सगळं बिघडतं), फिकट पिवळं पाणी दिसतं, ते उकळायला ठेवायचं आणि उकळी आली की सोडियम सायट्रेटचं द्रावण ओतायचं. मग वर्गात कुणीच बोलत नाही. आधी पिवळा रंग जातो, पाणी स्वच्छ दिसतं, मुलांना वाटतं संपलं, मग काळपट निळसर छटा येते, मग जांभळी, आणि थोड्या वेळात अख्खा बीकर लालबुंद, अगदी पाण्यात कोकम आगळ घातल्यासारखा. हे सोनंच आहे, पंधरा-वीस नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगतायत. इतक्या बारीक कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र हेलकावे घेतात आणि हिरवा प्रकाश शोषून घेतात, म्हणून आपल्या डोळ्याला लाल दिसतं. मग मी कुणाला तरी पुढे बोलावते आणि चिमूटभर मीठ टाकायला सांगते. टाकल्या टाकल्या लालाचं निळं होतं, कारण मिठामुळे कण एकमेकांना चिकटतात. मालवणकडच्या एका शाळेत मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून पुढे आला, बीकरला नाक लावून बघितलं आणि म्हणाला, "बाई, ह्या खराच सोना हा?" आणि मग लगेच दुसरा प्रश्न, मीठ काढून टाकलं तर परत लाल होईल का. हा दुसरा प्रश्न संशोधकाचा प्रश्न आहे. तो मुलगा सातवीत होता.

कोविडच्या टेस्ट किटवरची ती लाल रेघ आठवते? प्रेग्नन्सी टेस्टवरची? बऱ्याच किटमध्ये ती रेघ म्हणजे हेच सोन्याचे नॅनो कण. हे सांगितलं की मुलांच्या आयासुद्धा प्रश्न विचारायला लागतात, त्या प्रयोग बघायला दारात उभ्या असतातच.

सोन्याचा हा अभ्यास आजचा नाही. मायकेल फॅरडेने १८५७ मध्ये लंडनला सोन्याच्या अशा लाल द्रावणावर पेपर वाचला, त्याने केलेलं द्रावण तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून ठेवलेलं आहे. फॅरडे पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानात शिकाऊ पोरगा होता, कॉलेजात गेलाच नाही. आणि याच फॅरडेने मुलांसाठी नाताळात व्याख्यानं दिली, ही परंपरा १८२५ ला सुरू झाली ती आजही चालू आहे. म्हणजे ज्याच्या हातून नॅनो सोन्याचं पहिलं नीट काम झालं तोच माणूस पोरांसमोर मेणबत्ती लावून ती कशी जळते ते समजावत होता. मला हा योगायोग वाटत नाही. साध्या शब्दात सांगायला बसलं की आपल्यालाच किती कळलंय ते तपासलं जातं, माझ्या पीएच.डी.च्या दोन-तीन गोष्टी मला नीट कळल्या त्या आठवीच्या वर्गात सांगताना.

दुसरं नाव मिल्ड्रेड ड्रेसलहाउस. मुलींना मी हिच्याबद्दल मुद्दाम सांगते. जन्म १९३० चा, न्यूयॉर्कमधल्या गरीब स्थलांतरितांची मुलगी. कॉलेजात गेली ती शाळेत शिक्षिका व्हायचं म्हणून, तिथे रोझलिन यालो नावाच्या बाईंनी हिचं डोकं ओळखलं आणि फिजिक्सकडे जा म्हणून मागे लागल्या, या यालोबाईंना पुढे १९७७ ला स्वतःला नोबेल मिळालं. ड्रेसलहाउस १९६० पासून अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात कार्बनवर काम करत होत्या, तेव्हा या विषयाकडे फारसं कुणी बघत नव्हतं. चार मुलं, घर, आणि लॅब. १९९१ ला जपानच्या सुमिओ इजिमांनी कार्बनच्या नॅनोट्यूब म्हणजे अतिशय बारीक नळ्या जगासमोर आणल्या, आणि पुढच्याच वर्षी ड्रेसलहाउस आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवून दिलं की ही नळी कशी गुंडाळली आहे यावर ती धातूसारखी वागेल की सेमिकंडक्टरसारखी (अर्धवाहक) ते ठरतं. २०१२ ला कावली प्राइझ, २०१४ ला अमेरिकेचं प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम. २०१७ ला गेल्या. आयुष्यभर मुलींनी सायन्समध्ये यावं म्हणून त्या बोलत राहिल्या, भेटत राहिल्या. एका शिक्षिकेने एका मुलीला वेळेवर सांगितलं, त्यातून हे सगळं. आमच्याकडच्या कितीतरी मुलींना हे वेळेवर सांगणारं कुणी भेटतच नाही हो.

आपल्याकडचं सांगायचं तर पुणे विद्यापीठात डॉ. सुलभा कुलकर्णींनी नॅनोमटेरियल्सवर कितीतरी वर्षं काम केलं, विद्यार्थी घडवले, या विषयावर त्यांचं पाठ्यपुस्तक आहे, पण आमच्या एफ.वाय.च्या वर्गात नाव विचारलं की हात वर येत नाहीत. यात मुलांचा दोष नाही, त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. जयंत नारळीकर मात्र सगळ्यांना माहीत आहेत, ते का? त्यांचा विषय तर नॅनोपेक्षाही लांबचा, थेट विश्वाची उत्पत्ती. कारण ते मराठीत लिहीत राहिले, गोष्टी लिहिल्या, मुलं सही मागायला आली की सही न देता पोस्टकार्डावर प्रश्न पाठव म्हणायचे आणि उत्तर द्यायचे. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत मुलांसाठी विज्ञानशोधिका उभी राहिली. २०२१ ला नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद एका शास्त्रज्ञाला मिळालं ते उगीच नाही. २० मे २०२५ ला ते गेले तेव्हा गावागावातल्या माणसांना आपलं कुणी गेल्यासारखं वाटलं. एवढं प्रेम नुसत्या रिसर्च पेपरने मिळत नाही.

आता विजयदुर्गाचं बघा. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' नावाचे चौथरे आहेत, दर वर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन होतो, फार चांगली गोष्ट आहे, मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलेय. पण सांगताना सगळीकडे सांगितलं जातं की १८६८ च्या ग्रहणात इंग्लिश शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी इथूनच हेलियम शोधला. लॉकयर त्या वर्षी इंग्लंडातच होते. १८ ऑगस्ट १८६८ ला गुंटूरहून ग्रहण बघितलं ते फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी, आणि लॉकयर यांनी ऑक्टोबरमध्ये लंडनहून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा प्रकाश तपासला, त्यातली पिवळी रेघ कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना, तोच हेलियम. पृथ्वीवर तो सापडायला १८९५ उजाडलं, रॅमसे या केमिस्टना. पण लॉकयर विजयदुर्गला आले होते हे अगदी खरं आहे! २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला ते मोठा ताफा घेऊन इथे आले, नौदलाच्या खलाशांना हाताशी धरून निरीक्षणं केली, त्याचे रीतसर अहवाल छापलेले आहेत. खरी हकिगत कमी अभिमानाची आहे का? मला तर जास्त वाटते. दोन ग्रहणांची सरमिसळ झाली आणि कुणी ती सोडवून मराठीत नीट लिहिलं नाही म्हणून ती पिढ्यानपिढ्या तशीच चाललीय. आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे हेच लॉकयर 'नेचर' या साप्ताहिकाचे पहिले संपादक, १८६९ पासून तब्बल पन्नास वर्षं त्यांनी ते चालवलं. सूर्यावर संशोधन करणारा माणूस दर आठवड्याला अंकही काढत होता.

हे सगळं नुसत्या ज्ञानासाठी म्हणून सांगत नाहीये, इथल्या माणसाच्या पैशाचा प्रश्न आहे. आमच्याकडे बागायतदारांना बाटल्या विकायला माणसं येतात, लेबलवर 'नॅनो' लिहिलं की भाव वाढतो. आंब्याला मोहोर आला, तुडतुडे पडले, माणूस आधीच टेन्शनमध्ये, अशा वेळी कोणी चकचकीत बाटली दाखवली की तो घेतो. द्रवरूप नॅनो युरिया २०२१ पासून बाजारात आहे, त्याने उत्पादन किती वाढतं यावर शेतीशास्त्रज्ञांमध्येच वाद आहेत, ते वाद बागायतदाराला कळायला नकोत? कणाची साइज किती, ती कशी मोजली, तपासणीचा कागद आहे का, एवढे तीन प्रश्न दुकानात विचारायची सवय लागली तरी पुष्कळ झालं. उलट चांगलं काही असेल तर तेही कळायला पाहिजे. २००९ ला टाटांचा स्वच्छ फिल्टर आला त्यात भाताच्या तुसाची राख आणि चांदीचे नॅनो कण होते, लाईट लागत नव्हती, नळाचं पाणी लागत नव्हतं. भाताचं तूस आमच्या गिरणीमागे ढिगाने पडलेलं असतं, त्या राखेत सिलिका असते हे गिरणीवाल्याला कळलं तर तो त्या ढिगाकडे वेगळ्या नजरेने बघेल. जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प असो नाहीतर रिफायनरी, सभांमध्ये दोन्हीकडून मोठे मोठे शब्द येतात आणि मधल्या माणसाला शांतपणे समजावून सांगणारं, विषयातलं, इथलं, मराठी बोलणारं माणूस मिळता मिळत नाही.

आता मुलांसाठी वाट, कारण पुरवणीत ती नव्हती. बारावीनंतर आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्था आहेत, त्यांची स्वतःची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट असते. जवळच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं तरी काही बिघडत नाही, पुढे जॅम नावाची परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. करता येते. बारावी बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्यांना मूलभूत विज्ञान घेतलं तर इन्स्पायर स्कॉलरशिप मिळू शकते, वर्षाला ८० हजार, आमच्याकडे हे माहीत नसल्यामुळे पोरं अर्जच करत नाहीत. एम.एस्सी.नंतर नेट-जेआरएफ किंवा गेट या परीक्षा. जेआरएफ (ही रिसर्चची फेलोशिप) मिळालं की पीएच.डी. करताना महिन्याला ३७ हजार मिळतात, दोन वर्षांनी ४२ हजार, वर घरभाडं. म्हणजे घरून पैसे मागवून शिकायचं असं नाही. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात, हे मी मुलांपासून लपवत नाही. सॅम्पल करायचं, ओव्हनला लावायचं, रात्री लाईट गेली की परत पहिल्यापासून, मग मोठ्या संस्थेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा नंबर लागायची वाट बघायची, आणि नंबर लागला की ट्रेनच्या डब्यात बसून रात्रभर ती छोटीशी बाटली मांडीवर सांभाळत मुंबई गाठायची. पण स्क्रीनवर आपले कण पहिल्यांदा दिसतात, गोल, एकसारखे, ते आधी जगात कुणीही बघितलेले नसतात. पुढे नोकऱ्या रंग, औषधं, बॅटरी, सोलर, मेडिकल किट, चिप अशा सगळ्या उद्योगांत आहेत, शिकवणं आहे, सरकारी लॅब आहेत. आणि आता एक नवीन वाट आहे, विज्ञान लिहिणं-बोलणं हेच काम. केंद्राच्या विज्ञान विभागाने २०१८ ला अवसर नावाची स्पर्धा काढली, पीएच.डी.च्या पोरांनी आपलं संशोधन साध्या माणसाला कळेल असं लिहायचं, पहिलं बक्षीस एक लाखाचं. माझ्या वेळी असलं काही नव्हतं.

अडचण आहे ती आमच्याच व्यवस्थेत. पेपर किती छापले, कुठे छापले याला मार्क असतात, शाळेत जाऊन प्रयोग दाखवले, मराठीत लेख लिहिला याला फॉर्ममध्ये धड रकाना नसतो. एका मुलाखतीत मला विचारलं गेलं की हे शाळाबिळांचं सोडून पेपर वाढवले असते तर? मी सांगितलं की दोन्ही करते आणि करणार. २०२२ ला केंद्र सरकारने वैज्ञानिक सामाजिक जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात संशोधकाने समाजापर्यंत जावं असं स्वच्छ लिहिलंय, आता विद्यापीठांनी नोकरी आणि बढतीच्या वेळी ते मोजायला सुरुवात करावी. तरुण पोरांना आम्ही सांगतो गावात जा, बोला, आणि मग त्याच कारणाने त्यांना मागे ठेवतो, हे बरोबर नाही, याचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

तुमच्याकडून काय हवंय ते सांगते. २७ फेब्रुवारी मराठी भाषा दिन, २८ फेब्रुवारी राष्ट्रीय विज्ञान दिन, लागून लागून येतात, पण तुमच्या पेपरात एका दिवशी कविता आणि दुसऱ्या दिवशी रामन यांचा फोटो, एवढ्यावर वर्षाचं विज्ञान संपतं. त्याऐवजी कोकण आवृत्तीत आठवड्यातून एकदा पाव पान द्या. इथल्या कॉलेजातले प्राध्यापक, इथून बाहेर गेलेले पीएच.डी. करणारे विद्यार्थी, त्यांच्याकडून इथल्याच वस्तूंवर लिहून घ्या. विषयांना तोटा नाही. मिऱ्या, काळबादेवी, भाट्याच्या किनाऱ्यावर काळी वाळू असते, लोहचुंबक फिरवला की त्यातले कण चिकटतात, त्या वाळूत इल्मेनाइट नावाचं खनिज आहे, त्यात टायटॅनियम असतं, त्याच टायटॅनियमचा ऑक्साइड घराच्या पांढऱ्या रंगात असतो आणि नॅनो होऊन सनस्क्रीनमध्ये. हा एक लेख झाला. परसातलं अळू हा दुसरा. अळवावरचं पाणी टिकत नाही हे सगळेच म्हणतात, का टिकत नाही ते त्या पानावरच्या मेणाच्या बारीक रचनेत आहे, थेंब त्या उंचवट्यांच्या टोकांवर बसतो, खाली हवा राहते आणि पान हललं की धूळ घेऊन घरंगळतो. पान बोटाने जोरात चोळा आणि मग पाणी टाका, तिथे ते चिकटतं, कारण तुम्ही ती रचना मोडलीत. कमळाच्या पानावरचं याच्यासारखंच काम जर्मनीत बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ ला नीट मांडलं आणि त्यावरून स्वतः साफ होणारे रंग आणि काचा निघाल्या. घरात करता येणारा प्रयोग, खर्च शून्य.

लेखाखाली मुलांचे प्रश्न छापा आणि पुढच्या आठवड्यात उत्तर. प्रश्न कसेही आले, मालवणीत आले तरी तसेच छापा, दुरुस्त करू नका. उत्तरं द्यायची जबाबदारी मी घेते, आणि माझ्या ओळखीतले अजून काही जण तयार आहेत, मानधन नको. अळूच्या पानाचा लेख फोटोसकट लिहून तयार आहे, पावसाळ्यात छापलात तर पानं घराघरात असतील. कळवा, मेल करते.

आपली,
एक वाचक आणि फिजिक्सची शिक्षिका
जि. रत्नागिरी